बिगर कडत्याचं वजन

७ जुलै २००४, बुध.
॥ श्री ॥
आज ट्रान्सपोर्टवरून आलेला माल, चिठ्ठीप्रमाणे तपासून घेतला.
पाइपाची चेसी १, सीट सुटी.
फायबरची बॉडी, दोन तुकडे. नाकाशी तडा गेलेला.
छोट्या कारचं जुनं इंजिन, गिअरबॉक्ससकट १.
बॅटरीवरची मोटर १. गोदामात माल उचलायच्या गाडीतली.
तिचा कंट्रोलर, पत्र्याचा डबा १.
चाकं ४, मागची दोन रुंद.
नटबोल्टाचं खोकं १, न मोजता.
पुण्याच्या माणसाला दिले २८,०००. भाडं ८५०. हमाली ६०. नारळ ७.
बॅटऱ्या नाहीत. कसं जोडायचं त्याचा कागद नाही. त्या माणसानं हौसेनं घेतलं, अर्ध्यात सोडलं, ह्यांनी उचललं.
शर्यतीची गाडी आहे म्हणे. एकाच माणसाची. चारशे मीटर सरळ जायचं, शेजारी दुसरी गाडी, आधी पोचेल ती जिंकली. सुटताना बॅटरीची मोटर धक्का देणार, मग पेट्रोलचं इंजिन ओढणार. दोन्ही मिळून.
मी म्हटलं, अहो, पंचवीस वर्षं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या केल्या, आता हे काय?
"ट्रॉल्याच केल्या ना. बैलाच्या चालीनं चालणारी वस्तू. एक तरी पळणारी करू दे."
थोड्या वेळानं आपणच म्हणाले, "सरळच तर जायचंय. वळायला डोळे लागतात."
मी चहा गाळत होते. गाळणी तशीच धरून राहिले.

१० जुलै, शनि.
औरंगाबादला डोळ्याच्या दवाखान्यात. साखरेनं डावा गेलाच आहे. उजव्याला दोनदा लेसर झालं. आता मधलं दिसतं, बाजूचं नाही. हे म्हणतात पाइपातून बघितल्यासारखं. डॉक्टर भला माणूस. म्हणाले, करण्यासारखं होतं ते केलं, आता साखर सांभाळा. मी विचारलं, पुढच्या दिवाळीपर्यंत? त्यांनी पेनाला टोपण लावलं.
बसमध्ये हे खिडकीशी बसले. सगळ्या रस्त्याच्या पाट्या मोठ्यानं वाचून दाखवल्या. बदनापूरची चुकली.

१५ जुलै, गुरु.
परवा-तेरवा अधिक महिना लागतो. त्यात नवं काही सुरू करत नाहीत. म्हणून आजच पहिला टाका मारायला लावला. चेसीला हळदकुंकू, नारळ. भटजींना बोलवणार होते... नको, ब्राह्मण कशाला, मीच केलं.
वेल्डिंगआधी टेप लावून माप घेतलं. म्हणाले, "जरा बघ गं, चष्मा घरी राह्यला." चष्मा कपाळावर होता. "एकेचाळीस सेंटीमीटर आन् दोन रेघा," म्हटलं. त्यांनी तिथंच खडूची खूण केली.
म्हणजे आता मापं मी वाचायची.

२१ ऑगस्ट, शनि.
शर्यत भरवणाऱ्यांचा कागद आला. फेब्रुवारीत, पुण्याच्या अलीकडं कुठल्या खासगी धावपट्टीवर. घरी बांधलेल्या गाड्यांचा वेगळा गट. अटी मीच वाचून दाखवल्या. मुख्य अट: गाडी चारशे किलोच्या आत, माणूस सोडून. वर गेली तर मोठ्यांच्या गटात, तिथं लोखंडी पिंजरा लागतो आणि तज्ज्ञाचा दाखला लागतो. आपल्याकडं दोन्ही नाही.
चालवणाऱ्याचं लायसन पाहिजे. ह्यांचं २००९ पर्यंत आहे. डोळ्याचं कुठं लिहिलेलं नाही. मी दोनदा वाचलं, मागची बाजूही पाहिली.
हे म्हणाले, "तुझ्या उपासासारखी गाडी करू. पोटात काई न्हाई, तरी दिवसभर पळती."
बऱ्याच दिवसांनी हसले.

४ सप्टें., शनि.
हिशोबाच्या वहीत मागून एक पान आखलं. डावीकडं वस्तू, उजवीकडं किलो. पैशाचे हिशोब आयुष्यभर केले, हे पहिल्यांदाच.
वजन कुठं करायचं हा प्रश्न. ट्रकचा काटा दहा-दहा किलोनं मोजतो, दुकानातला तागडीचा पुरत नाही. शेवटी मोंढ्यात नामदेव मापाडी आठवला. माझ्या माहेरच्या गावचा, अंतरवालीचा. एका आडतीवर सोयाबीन-कापूस मापतो. चुकणार नाही असा हात. हातगाडीवर चेसी घालून घेऊन गेले.
"आक्का, ह्ये काय आणलं? पाळणा का पिंजरा?"
"तू वजन सांग."
त्यानं काट्यावर चढवली, काटा थांबेपर्यंत बिडी विझवून कानामागं लावली. "एकसष्ट." मी लिहिलं. एकसष्ट.
येताना फार हलकं वाटलं. चारशेतून एकसष्ट गेले.

२६ सप्टें., रवि.
वस्तू तयार होईल तशी नामदेवकडं नेते. आतापर्यंत: चेसी ६१. इंजिन-गिअरबॉक्स ९८. मोटर २६. चाकं चारी एकदम ५२.
कामगार कोणी ठेवला नाही. ट्रॉल्यांची कामं ह्यांनी सोडली, म्हणजे सुटली. पाट्यांना भोकं पाडून पाडून हलक्या करतात. मी भोकाची जागा खिळ्यानं खोचून देते, ते बोटानं खूण शोधतात आणि ड्रिल ठेवतात. मशीन सुरू असताना माझ्या तोंडात रामरक्षा. एकदा अर्धवट राहिली तर म्हणाले, "थांबली का? चालू दे, तालात काम होतं."
मूळची सीट सहा किलोची. ती काढली. त्याजागी खाटेसारखी नवार विणली, मीच. ओढून ओढून तळहाताला फोड. भंवरलालजी आले होते. लोखंडाचं दुकान आहे त्यांचं गल्लीच्या तोंडाशी, चाळीस वर्षांचा घरोबा. बघून म्हणाले, "भाभीजी, मिस्त्रीजी झोपायला मोटार बनवून राह्यले का?"
हे आतून, "भंवरलाल, तुझ्या तिजोरीपेक्षा पोकळ हाये. बसून बघ."
बसले. उठता येईना. आम्ही दोघांनी ओढून काढलं.

२२ ऑक्टो., दसरा
हत्यारांची पूजा. पाना, पकड, वेल्डिंगचा होल्डर. व्हर्निअरला हळद लावताना म्हणाले, "ह्याला नको लावू, ह्याच्या रेघा बुजतील." ह्या व्हर्निअरच्या रेघा आता मीच वाचते.
सोनं द्यायला शेजारीपाजारी आले. पानं कोणाच्या हातातून घ्यायची ते आवाजावरून. आल्या माणसाला कळत नाही. मला कळतं.

१२ नोव्हें., दिवाळी
लक्ष्मीपूजन. पणती त्यांनी लावली. वात हातानं शोधली, काडी बरोबर लागली. पण ठेवताना देवळीच्या कडेला, हवेत. मी खाली हात धरलेलाच होता. तेल सांडलं, भाजलं थोडं. त्यांना सांगितलं नाही.
रात्री डॉक्टरांचं टोपण आठवत राहिलं.

५ डिसें., रवि.
वायरी. लाल आणि तपकिरी त्यांना सारख्याच. काल उलट्या जोडल्या, कंट्रोलरमधून ठिणगी आली, नशीब फ्यूज गेला. मग मी शिवणाचा दोरा घेतला. लाल वायरीला एक गाठ, काळीला दोन, पिवळीला तीन. आता बोटानं मोजतात.
"सुईदोऱ्यानं मोटार शिवणारी तू पहिलीच."
बॅटऱ्या आठ, लाईट गेल्यावर कॉम्प्युटर चालवणाऱ्या डब्यात असतात तसल्या. ४८ किलो. जड. पण आठच्या आठ पाहिजेत, एक जरी कमी झाली तर कंट्रोलर चालूच होत नाही.

१९ डिसें., रवि.
पहाटे पाचला उठून नाम घेतलं. अंबडच्या देवीला बोलले, पहिली धाव नीट होऊ दे, ओटी भरीन.
एमआयडीसीकडच्या बंद रस्त्यावर. भंवरलालजींच्या टेम्पोनं गाडी नेली. उजाडल्यावर. भंवरलालजी शंभर पावलांवर पांढरा रुमाल घेऊन उभे. हे नवारीत बसले. मी वाकून पट्टा बांधला.
मोटरनं असा धक्का दिला की धूळच दिसली. मागनं इंजिनचा आवाज. मी डोळे मिटले.
उघडले तेव्हा गाडी थांबलेली, भंवरलालजींच्या पायापासून दोन हातांवर. भंवरलालजींचा रुमाल खाली पडलेला.
"अरे मिस्त्रीजी! मेरेकू उडवणार होते क्या?"
हे हसत होते. हात वर करून, मोठ्यानं. "कशी गेली? आं? कशी गेली सांग!"
लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. असं हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. आणि त्याच वेळी कळलं, त्यांना भंवरलालजी दिसलेच नव्हते. त्यांनी मनात अंक मोजून ब्रेक दाबला होता.
हे वहीत लिहिते, दुसरीकडं कुठं बोलायचं?

२ जाने. २००५, रवि.
सुनीताचा परभणीहून फोन. लेकीपासून काही लपत नाही.
"आई, बाबा चालवणारेत? आन् तू बसू देणार?"
"सरळ रस्ता आहे. दोन्ही बाजूंनी कठडे असतात."
"शेजारी दुसरा माणूस पण असतो ना, आई. त्याला घरी कोणी न्हाई का?"
मी फोन ठेवला. तुळशीजवळ जाऊन बसले. तिचं खरं आहे. पण ह्या माणसाजवळ हे एकच उरलंय, ते मी हातानं कसं काढून घेऊ? ते काढलं तर सकाळी उठायचं कशासाठी, हे त्यांना कोण सांगणार? देवाला म्हटलं, एकदाच. चारशे मीटर. मग मी कधी काही मागणार नाही.
देवालाही फसवल्यासारखं वाटलं.

१४ जाने., संक्रांत
तिळगूळ. ताटलीतले तीळ दिसले नाहीत त्यांना. "नुसता गूळच केला का यंदा?" म्हणाले. तोंडात टाकल्यावर कळलं. मग उगाच, "गंमत केली."

६ फेब्रु., रवि.
गाडी पुरी झाली. नामदेवकडची सगळी वजनं बेरीज केली. अकरा वेळा माप झालं. बेरीज ३९४. तीनदा केली. वरून, खालून, मग भंवरलालजींच्या मशीनवर. ३९४.
खात्रीला ट्रकच्या काट्यावरही घातली. ४००. काटेवाला म्हणाला, माझा दहा-दहानं मोजतो, पाच इकडं पाच तिकडं समजा. बरोबरच आहे मग. सहा किलो हाती.
हे म्हणाले, "तुझी वही म्हंजे वही."
दिवसभर हेच वाक्य घेऊन फिरतेय. लिहायलाही बरं वाटलं.

१४ फेब्रु., सोम.
काल झालं. आज लिहिते. क्रमानं लिहिते.
शनिवारी रात्री टेम्पोनं निघालो. हे, मी, भंवरलालजी. पहाटे धावपट्टीवर. कितीतरी गाड्या, रंगीबेरंगी, पोरं कानात काहीबाही घालून. आमची बघून दोघं-तिघं हसली. एकजण म्हणाला, "आजी, ही खाट कोणाची?" हे म्हणाले, "माझी. झोपायला न्हाई, झोपवायला." पोरं मग हसली ती वेगळी.
तपासणी आठला. चार छोटे काटे, प्रत्येक चाकाखाली एक. आकडा पाटीवर लाल दिव्यांनी येतो. तपासणारा तरुण, नीट बोलणारा. म्हणाला, "चारशे पाच."
मी म्हटलं, "पुन्हा बघा."
पुन्हा चारशे पाच.
हे म्हणाले, "काटा खोटा हाये तुमचा." मी वही पुढं केली. अकरा मापं, बेरीज, तारखा. त्यानं खरंच वाचली. "काकू, तुमचा हिशोब छान आहे. पण मला माझा काटा धरावा लागतो. नऊपर्यंत वेळ आहे. पाच किलो काढा."
पेट्रोल बरंचसं ओतून टाकलं. आरसा काढला, जॅक नव्हताच. दोन किलो गेले. उरले तीन. एक बॅटरी काढायचं ठरलं, सहा किलो. पण सातवर कंट्रोलर चालत नाही. हे म्हणाले चालतो, आतली एक वायर तोडून दुसरीकडं जोडली की झालं. पुण्याच्या माणसानं सांगितलं होतं.
डब्याच्या आतल्या वायरींना माझ्या गाठी नव्हत्या. तो डबा मी कधी उघडला नव्हता.
ह्यांनी डबा मांडीवर घेतला. ऊन चांगलं पडलेलं. चेहरा अगदी वायरीत घातला. मग मोठ्यानं, सगळ्यांसमोर:
"अगं, लाल कोणती?"
मी सांगितली. "आन् तिच्या शेजारची?"
तो तपासणारा उभा होता. खाली वाकला. त्यानं ह्यांच्या डाव्या बाजूला, कानाच्या जरा पुढं, हात धरला. बोटं पसरून. काही बोलला नाही. ह्यांना कळलंच नाही तिथं हात आहे.
मग त्यानं समोर धरला. "काका, किती?"
"दोन," म्हणाले. तीन होती.
तो म्हणाला, "काका, मी तुम्हाला सोडू शकत नाही." ह्यांना नाही, माझ्याकडं बघून बोलला. "काकू, शेजारच्या लेनमध्ये एकोणीस वर्षांचा मुलगा आहे."
हे उठले. डबा हातात तसाच. "चल," म्हणाले. दहा पावलं चुकीच्या दिशेला गेले, भंवरलालजींनी हात धरला.
दिवसभर शर्यत चालली. आम्ही टेम्पोत बसून आवाज ऐकले. गाड्या जातात तेव्हा एक मोठा आवाज लांब होत होत जातो. हे प्रत्येक वेळी म्हणायचे, "हा पेट्रोल." "हा मोठा इंजिन." एकदाही, "हा आपल्यासारखा," म्हणाले नाहीत.

१७ फेब्रु., गुरु.
मोंढ्यात गेले. नामदेव पोत्यावर बसून चहा पीत होता. वही उघडून दाखवली. नामदेव, हे अकरा आकडे तुझे. तिथं अकरा किलो जास्त भरले. काय झालं?
त्यानं बशी खाली ठेवली. "अकराच?"
"अकराच."
"मंग बराबर हाये आक्का. दर मापाला किलो कडता."
मला पहिल्यांदा समजलंच नाही. तो सांगून राह्यला, जसं मला माहीतच नाही: पोतं आलं की ओल, माती, बारदान ह्यापोटी किलो कापायचा, मंगच आकडा बोलायचा. वीस वर्षं झाली. आता काटा बघितला की कापून बोलणंच तोंडात येतं. "तू बिगर कडत्याचं सांग म्हणली न्हाईस."
"चेसीला माती कुठली, नामदेव? बारदान कुठलं?"
त्यानं हात जोडले. "आक्का, तोंडाला सवय झाली. डोकं मधी आलंच न्हाई."
मी त्याला काय बोलू? माझ्या बापानं कडत्यावरून भांडण केलं नाही असा एक हंगाम गेला नाही. लहानपणी मी आडतीवर त्यांच्या शेजारी बसून कापलेले किलो बोटावर मोजायची. बाई, किलो आपल्या हक्काचा, गेला आडत्याच्या पोटात, म्हणायचे बाबा. ती मी, हातगाडी घेऊन त्याच मापाखाली गेले आणि आकडा ऐकला तसा लिहून घेतला. हलका आला म्हणून खूश होऊन.
वजन आधीच खरं कळलं असतं तर घरी आठवडाभर होता. पाच किलो काय, दहा काढले असते. तिथं तो डबा उघडावा लागला नसता. तो हात कानापाशी आला नसता.
पण मग ते सुटले असते. आणि तो एकोणीस वर्षांचा…
हे पुढं लिहिता येत नाही.

६ मार्च, रवि.
हे आल्यागेल्याला सांगतात, त्यांचा काटा खोटा होता. मोठ्यानं. जोरात. न्हाव्याला, दूधवाल्याला, सुनीताला फोनवर. "आमची वही म्हंजे वही. त्यांचा काटाच फिरवलेला." डोळ्याचं कोणाला सांगत नाहीत, फक्त काटा. त्या रागावर रोज वर्कशॉपात जातात, गाडी पुसतात. पुढच्या वर्षी बघू म्हणतात.
त्या पोरानं माझा सगळा हिशोब मन लावून वाचला होता. त्याच्यावर खोटं घातलं जातंय, आणि मी दाराशी उभी राहून ऐकते.

८ मार्च, महाशिवरात्र
उपास. निर्जळ. महादेवाला बेल वाहून घरी आले आणि सांगितलं. कडत्याचं सगळं. वही मांडीवर होती, तरी न वाचता सांगितलं.
मला वाटलं रागावतील. रागावले असते तर बरं.
"म्हंजे काटा बरोबर होता."
"हो."
"बरं."
उठून खाटेवर जाऊन पडले. वर्कशॉपची किल्ली खिशातून काढून माझ्या उशाशी ठेवली. चाचपून, बरोबर तिथंच ठेवली.

२५ मार्च, होळी
वर्कशॉप बंद. किल्ली त्यांनी ठेवली तिथंच, माझ्या उशाशी. सतरा दिवस.
भंवरलालजी आले, हळू आवाजात म्हणाले, भाभीजी, इंजिनला गिऱ्हाईक आहे. मी नको म्हटलं. का नको ते विचारलं नाही त्यांनी.
हे दिवसभर भिंतीकडं तोंड करून. जेवायला दिलं तर जेवतात. एकदा म्हणाले, "आता पाइप पण बारीक झाला गं. सुतळीएवढा." होळीला बाहेर आणलं तर म्हणाले, आग दिसती, लाल न्हाई, नुसती हालती.
डॉक्टरांकडं नेलं होतं परवा. लिहिण्यासारखं काही नाही.

९ एप्रिल, पाडवा
गुढी मी एकटीनं उभारली. मग किल्ली घेतली आणि त्यांना हाताला धरून उठवलं. येत नव्हते. "आज वर्षाचा दिवस, न्हाई म्हणू नका," म्हटलं. सणाच्या दिवशी माझं ऐकतात, तेवढंच आहे माझ्या हातात.
इंजिन नको, नुसती बॅटरीची मोटर. तिला आवाजच नाही, चाकांचा सूर तेवढा. मागच्या गल्लीत, दोन्ही बाजूंना भिंती, माणूस नाही. मी चाळीस पावलांवर जाऊन थांबले आणि पितळी थाळी वाजवली. म्हटलं, थाळीच्या दिशेनं या, जोरात वाजली की ब्रेक.
आले. हळू, पण सरळ. थाळी जोरात वाजवली, थांबले.
"शर्यत न्हाई ही," म्हणाले.
मी थाळी खाली ठेवून पट्टा सोडला.
"किती गेलो?"
"चाळीस पावलं."
"सरळ?"
"सरळ."
उतरून घरात गेले, पुन्हा आडवे झाले. पण भिंतीकडं तोंड नव्हतं.

११ एप्रिल, सोम.
शर्यतवाल्यांना पत्र लिहिलं. कच्चं तीनदा खोडलं. यजमानांना सांगितलेलं नाही. उद्या रजिस्टरनं टाकते. नक्कल इथं ठेवते.

स. न. वि. वि.
फेब्रुवारीत आपल्या तपासणीत आमची गाडी चारशे पाच किलो भरली. आपला काटा बरोबर होता. चूक माझ्या वहीची होती, तिचं कारण लिहायला लाज वाटते. आपल्या तपासणाऱ्या मुलाला माझा आशीर्वाद सांगावा. त्यानं माझ्या यजमानांना सोडलं नाही, हेही बरोबर केलं. हे मी त्यांच्यासमोर बोलू शकत नाही म्हणून इथं लिहिते.
विनंती अशी. एखाद्या दिवशी, शर्यत नसताना, धावपट्टी मोकळी असेल तेव्हा अर्धा तास मिळावी. शेजारी गाडी नको. घड्याळ नको, बक्षीस नको. पेट्रोलचं इंजिन बंद ठेवू, नुसती बॅटरीची मोटर. टोकाला मी थाळी घेऊन उभी राहीन, म्हणजे कुठं थांबायचं ते कळेल. आम्ही घराजवळ करून पाहिलं आहे, गाडी सरळ येते. काही झालं तर जबाबदारी माझी, तसं लिहून देईन. दुपारी बारा ते दोन द्यावी. त्या वेळी त्यांना मधला पांढरा पट्टा थोडा दिसतो. पुढच्या वर्षी नको, तेव्हा उपयोग नाही. पावसाळ्याआधी कधीही.
हो म्हणायला आपल्याला अडचण असेल हे मला कळतं. नाही असेल तर दोनच ओळी लिहाव्यात, आणि साध्या लिहाव्यात. घरात आलेलं पत्र मीच त्यांना वाचून दाखवते.
काय ते उलट टपाली कळवावे.